गोदेचं पथ्य

डॉक्टर नीरजांनी खांद्यापर्यंत चढवलेला प्लास्टिकचा हातमोजा उतरवला आणि गाईच्या गर्भपिशवीत पू झालाय, असं सांगितलं. सुधाकररावांनी पटकन आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

त्या हातांचा इतिहासच तसा होता. महिन्यापूर्वी एका पहाटे गोदा व्यायली. दुपार झाली तरी वासरामागची वार पडेना. सुधाकररावांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, हातांना हळद चोपडली, देवाचं नाव घेतलं आणि वार ओढून काढली. मग रोज पिशवी धुणं सुरू झालं. आधी कडुलिंबाच्या पाण्यानं, मग तुरटीच्या. जन्मभर पलासियाच्या बँकेत लोकांच्या सह्या तपासलेल्या माणसाला गाईच्या पोटात काय तपासायचं असतं, हे त्यांच्या बायकोनं, मनोरमाबाईंनी, विचारून पाहिलं होतं. आता विचारणं संपलं होतं. पंधरा दिवसांत गाय बरी झाली नाही, तर ती मनोरमाबाईंच्या भावाकडे गौतमपुऱ्याला जाणार होती. तिथे व्हिडिओ बघायला कुणाला फुरसत नव्हती.

गोदेच्या दुधाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय सुधाकररावांच्या तोंडात घास जात नसे. पण डॉक्टरांना ते म्हणाले, वार आपोआप पडली. एकादशीला आपण खोटं बोललो, हे त्यांना नंतर आठवलं. वर, अँटीबायोटिक तगडं द्या, असा सल्लाही त्यांनी दिला.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. ताप नव्हता, चारा व्यवस्थित खात होती, अँटीबायोटिकचं काम नव्हतं. हार्मोनचं एक इंजेक्शन दिलं की चार-पाच दिवसांत गाय माजावर येईल आणि पिशवी आपली आपण साफ होईल.

"बस, इतकंच?" सुधाकररावांचा चेहरा पडला. "मग मी काय करू?"

डॉक्टरांनी कोपऱ्यातल्या बादलीकडे पाहिलं. तिच्यात कडुलिंबाचा पाला भिजत होता. मग खुंटीवरच्या टाळांकडे पाहिलं.

"काकाजी, गोठ्यात तुम्ही केव्हा असता?"

"पाच ते सात."

"मग पाच ते सात तिला कीर्तन ऐकवा. मंगलाचरण झालं की आरतीपर्यंत उठायचं नाही. आणि टाळ खाली ठेवायचे नाहीत. पथ्य समजा."

सुधाकरराव हरखले. देवानं त्यांना भक्ती भरभरून दिली होती, गळा देताना मात्र हात आखडला होता. देवळात बुवांनी त्यांना खांबाआड बसवलं होतं. कीर्तनाला ऐकणारेही लागतात, असं फार गोड शब्दांत सांगून. इथे श्रोता दाव्याला बांधलेला होता.

पहिल्या दिवशी गोदेनं पाठ फिरवली. सुधाकरराव वळसा घालून पुढे गेले आणि गात राहिले. पाचव्या दिवशी ती जोरात हंबरली. सुधाकररावांना वाटलं, आपल्यामागून अभंगाचं धृपद धरलं. मनोरमाबाई म्हणाल्या, माजावर आली.

बाराव्या दिवसापर्यंत स्राव आरशासारखा स्वच्छ झाला. सुधाकररावांनी देवळात सगळ्यांना नामाचा महिमा सविस्तर सांगितला. तिथल्या जयसिंगरावांनी "क्या बात है भिया" म्हणत आपली म्हैसही त्यांच्या कीर्तनाला आणायची तयारी दाखवली.

पंधराव्या दिवशी डॉक्टर तपासायला आल्या. पिशवी साफ होती. गौतमपुरा टळला. मनोरमाबाई चहा टाकायला आत गेल्या. सुधाकररावांनी घसा साफ केला आणि होईल तितक्या नम्रपणे विचारलं, की यात इंजेक्शनचा गुण किती आणि कीर्तनाचा किती.

डॉक्टर नीरजा हातमोजा उतरवता उतरवता हसल्या.

"इंजेक्शन गोदेसाठी होतं, काकाजी. टाळ तुमच्या हातांसाठी."