रामेश्वरची वाळू

उन्हानं सोललेली पाठ. ढेकणांची खोली. नारळाच्या तेलातला मासा. एकाच पाठपिशवीत दोघांचे कपडे.

अठ्ठ्याहत्तर साली शरयू आणि कृष्णकांत रामेश्वरच्या यात्रेला म्हणून देवळीहून निघाले, मंदिरात न जाताच बोटीत चढले, लंकेच्या समुद्रकिनाऱ्यांवर स्वस्तात भटकले आणि पार थकून परतले.

दारातच सासूनं, रुख्माबाईंनी, दोघांचे पाय धुतले. पिशवीतून सांडलेली वाळू पदरात भरून घेतली.

"राहू द्या ना, आत्याबाई!" शरयू घाईनं म्हणाली.

"काऊन? रामेश्वरची वाळू हाय ते. प्रयागले गंगेत सोडली का मी मरायले मोकळी."



माघात रुख्माबाईंनी वाळू गंगेत सोडली. त्याआधीच्या दिवाळीत शरयू, माहेरी जाते असं सांगून, एकटीच रामेश्वरला जाऊन पदरभर वाळू घेऊन आली होती.