दोन ओळी

बालगृहाचं ते पत्र सात वर्षं माझ्या शब्दकोशात होतं. शेजारच्या वैजयंतीनं आणि तिच्या नवऱ्यानं एक मुलगी दत्तक मागितली होती. ओळखीचा म्हणून मला विचारलं होतं, ‘हे दांपत्य मूल नीट सांभाळेल का?’

“दोनच ओळी लिहा, काका. प्रबंध नको,” वैजयंती हसली होती. मी पाच मसुदे फाडले. ज्यानं कधी मूल वाढवलं नाही, त्यानं असं मत द्यावं का, हेच ठरेना. मुदत संपली. मुलगी दुसऱ्यांना दिली.

“कुणाचं तरी पत्र गेलं नाही म्हणे,” वैजयंती म्हणाली. “तुमचं तर लगेच गेलं असेल.” मी मान डोलावली.

काल तिनं माळ्यावरची तीनचाकी सायकल भंगारवाल्याला दिली. “ताई, ही तर कोरी आहे!” तो म्हणाला.

“दत्तकासाठीचं वय उलटलं आमचं,” ती मला म्हणाली.

आज मी दोन ओळी लिहिल्या. ‘हो, नीट सांभाळलं असतं. उत्तर मीच दिलं नव्हतं.’ एक प्रत बालगृहाला, एक वैजयंतीला. तिचं दार समोरच आहे, तरी पोस्टानंच पाठवली.