कार्डामागचा मजकूर

मनोहरने फोनचा कॅमेरा पोस्टकार्डाच्या पाठीवर धरला आणि वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

कार्ड बिस्क्राचं होतं. अल्जीरियातलं गाव, साल १९०८. पुढच्या बाजूला बाजार आणि दोन उंट, मागे एका फ्रेंच शिपायाने आईला लिहिलेल्या चार ओळी. शोभनाने त्यांचं भाषांतर करून दिलं होतं आणि मनोहरने ते इंग्रजीत उतरवून लेबलवर छापलं होतं: 'आई, इथली मुलं रोज मला मूठभर खजूर आणून देतात. मी त्यांना तुझ्याबद्दल सांगतो.' फोनमधलं भाषांतराचं ॲप मात्र म्हणत होतं: 'इथल्या लोकांना फक्त काठी समजते. साबण पाठव.'

उत्तर आफ्रिकेतल्या फ्रेंच राज्यातली, मनोहरने बावीस वर्षांत जमवलेली अशी चाळीस कार्डं जेवणाच्या टेबलावर मांडली होती. उद्या सकाळी दहाला, अमेरिकेतल्या कोलंबसला लागून असलेल्या डब्लिन गावाच्या लायब्ररीत त्यांचं प्रदर्शन होतं. कोलंबसमधल्या सगळ्या मराठी मंडळींना ईमेल गेले होते. फलकावर ठळक अक्षरांत होतं, मूळ फ्रेंचवरून भाषांतर: शोभना. एका नावाचं स्पेलिंग तपासायला म्हणून मनोहरने फोन काढला आणि नसती आफत ओढवून घेतली.

दुसरं कार्ड ट्युनिसचं. शोभनाच्या मते बहिणीचं लग्न ठरल्याचं ऐकून रडलेला भाऊ. फोनच्या मते: 'मंगळवारी पोहोचलो. पोट बिघडलंय. कार्डावरचं पोस्टाचं तिकीट फाडू नकोस, मला हवंय.' तिसऱ्या कार्डानंतर मनोहरने फोन खाली ठेवला.

शोभना पलीकडे त्याच्या उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होती.

"शोभना, हा फोन चुकतोय का गं?"

तिने इस्त्री उभी ठेवली, पण वर बघितलं नाही. "नाही. फोन बरोबर असेल."

"म्हणजे?"

"म्हणजे मला फ्रेंच येत नाही."

"लग्न ठरवताना तुझ्या वडिलांनी पत्रात लिहिलं होतं, मुलीला फ्रेंच येतं."

"सहा महिन्यांचा क्लास केला होता. माझं नाव शोभना, मला सफरचंद आवडतं, इतपत येत होतं. बाबांनी ते लिहिलं आणि तुम्ही सगळ्या अमेरिकेला सांगत सुटलात."

मनोहर खुर्चीत बसला. पस्तीस वर्षं पुलांची गणितं केलेला माणूस. दुसऱ्याचं काम तीनदा तपासल्याशिवाय सही करत नसे. डोळे झाकून विश्वास टाकला तो फक्त घरात. उद्या लोक काय म्हणतील हे त्याला अजून सुचलंही नव्हतं. आपल्याला फसवलं, आणि हिने फसवलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. केसाने गळा कापतात म्हणतात तो असा.

"बावीस वर्षं थापा मारल्यास तू मला," तो म्हणाला. "मी ते वाचून रडलोय, शोभना."

"माहीत आहे. मी शेजारीच होते."

"पण का?"

"पहिलं कार्ड आणलंत तेव्हा सांगणारच होते, की मला यातलं अक्षर कळत नाही. पण तुम्ही टीव्ही बंद केलात, खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि म्हणालात, सांग, काय लिहिलंय. असे त्याआधी कधी बसला नव्हतात. मग सांगितलं काहीतरी."

"मी कॅन्सल करतो उद्याचं सगळं. काय सांगू लोकांना? बायकोने मनानेच रचलं?"

"सांगा."

तिच्या आवाजात जराही खंत नव्हती, याचा त्याला जास्त राग आला. त्याने उरलेली कार्डं बाजूला सारली आणि कॉन्स्टंटाइन शहराचं कार्ड हातात घेतलं. खोल दरीवरचा पूल, आणि मागे कुणा कारकुनाने दूर राहिलेल्या बायकोला लिहिलेलं पत्र. 'तू इथे नाहीस, तरी मी रोज दोन ताटं मांडतो.' लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, दीडशे माणसांपुढे, भाषण म्हणून मनोहरने हेच पत्र वाचलं होतं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते.

फोन त्या कार्डावर धरायचा त्याला धीर होईना.

"हे तरी खरं आहे ना?" त्याने विचारलं. राग कुठल्या कुठे गेला होता, नुसती विनवणी उरली होती.

शोभनाने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"तेही माझंच," ती म्हणाली. "बायकोला जे ऐकावंसं वाटेल ते लिहिलं होतं. त्या दिवशी तुम्ही माइक हातात घेतलात, तेव्हा मला वाटलं, शेवटी एक ओळ तरी तुमची असेल. कार्ड वाचून संपलं, आणि तुम्ही खाली बसलात."