उजेडाला विचारलं नाही

साहेबानं रंगवलेला तुकडा इस्त्रीनं वाळवला, गिऱ्हाइकाच्या नमुन्याशेजारी ट्यूबलाइटखाली धरला आणि मान डोलावली. तपकिरीला तपकिरी लागून बसली होती, जुळ्या बहिणींसारखी.

"काय मावशी, जमलं ना?"

हौद ढवळणारीनं दांडा थांबवला नाही. मावशी म्हणे! दोघांचं जन्मसाल एक, वर्गही एकच होता. त्याला ती आठवतही नव्हती. मंदीच्या साली त्याच्या बापानं, तेव्हाच्या मॅनेजरनं, अर्धा कारखाना घरी बसवला. त्यात तिचा बाप होता. साहेबाचं दप्तर पुढच्या वर्गात गेलं, तिचं खुंटीवर राहिलं. वर्षानं भोंगा पुन्हा वाजला, तेव्हा बापाच्या जागी तिला घेतलं, निम्म्या पगारावर. तेव्हापासून वीस वर्षं रंग तीच जुळवत आली. हुद्दा मात्र दुसऱ्याचा. काल तिनं धीर करून रंगमास्तरची रिकामी झालेली जागा मागितली. साहेब हसला. हात तुमचा सोन्याचा आहे हो, म्हणाला, पण निदान दहावी तरी हवी. उद्यापासून रंग मीच बघणार आहे.

रंगाऱ्यांत एक बोलणं असतं: उजेडाला विचारलंस का? दिव्याखाली जुळलेला रंग खिडकीशी नेऊन बघायचा, मगच माल हौदात सोडायचा. बापानं तिला कामावर धाडताना एवढंच शिकवलं होतं. खिडकी चार पावलांवर होती. तुकड्याची कड तिकडे वळली तेव्हा तिला त्यात हिरवट झाक दिसली. साहेबानं तिच्याकडे पाठ करून कागदावर सही ठोकली. शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिनं ते गिळले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गिळलेलं गोड लागलं.

"सोडा माल," तो म्हणाला.

तिनं सोडला. ताग्यामागून तागा, एकसारखा, कुठे डाग नाही की सुरकुती नाही. तिच्या कामात खोट काढायला तिनं जागाच ठेवली नाही.

दुपारी कापड अंगणात वाळत पडलं आणि उन्हानं खरं सांगून टाकलं. नमुना तपकिरी, माल शेवाळी. गाडी संध्याकाळी निघायची होती. साहेब दोन्ही तुकडे मुठीत धरून आत आला, चेहरा पांढराफटक.

"तुम्हाला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

तिनं दांडा भिंतीला टेकवला. कोपरापर्यंत रंगलेले हात सावकाश फडक्याला पुसले.

"मला ढवळायचा पगार आहे, साहेब. बघायचा तुम्हाला आहे."