आधी तू घे

"आधी तू घे, बाय," नवसी म्हणाली, तशा चटईवरच्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या.

तसं हे नेहमीचंच होतं. बारवीकडच्या डोंगरातल्या या वाडीत नर्सबाई कुमुदिनी नऊ वर्षांपूर्वी पोलिओचे थेंब घेऊन पहिल्यांदा आली, तेव्हा बायका पोरांना काखोटीला मारून रानात पळाल्या होत्या. मग तिने अंगणात बसून, सगळ्यांदेखत स्वतःच्याच जिभेवर दोन थेंब टाकले, घटकन गिळले आणि जीभ बाहेर काढून दाखवली. तिच्या नोकरीतली ही सगळ्यात हुशारीची गोष्ट. कुळगावातल्या शेजारणींना तिने ती पन्नासदा तरी ऐकवली असेल. तेव्हापासून वाडीत रिवाजच पडला. आधी नर्सबाई, मग पोरं.

शहाण्णवच्या जानेवारीत तो रिवाज तिच्या अंगाशी आला.

दोन वर्षं झाली, सकाळी तिची बोटं वळत नव्हती. संधिवात. उल्हासनगरच्या सिंधी डॉक्टरांनी महिन्याभरापूर्वी गोळ्या दिल्या, आठवड्यातून एकदाच घ्यायच्या. त्यांनी सूज उतरली, पण रोगाशी लढायची अंगातली ताकदही त्या दाबून ठेवायच्या. थेंबांत तर जंतू जिवंत असतात, दुबळे केलेले. धडधाकट पोराचं अंग त्यांच्यावरच लढायला शिकतं. तिच्या अंगाचा सध्या भरवसा नव्हता. डॉक्टरांनी दोन वाक्यांत निकाल लावला होता. "बच्चों को बिनधास्त दो, सिस्टर. खुद मत लेना, और हाथ धोना."

दुखणं तिने ऑफिसात सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर डोंगरावरची फेरी काढून घेतली असती. आणि वाडीत काय सांगणार? मला जे चालत नाही ते तुमच्या पोरांना पाजते, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? या बायकांना ते उमजायचं नाही, हे तिने येतानाच, चढणीवर ठरवून टाकलं होतं. चटईवर तीन वर्षांखालची एकोणीस पोरं होती. पलीकडून देऊ नावाचा वाडीतला पोरगा एक पाय ओढत कळशी घेऊन येत होता. त्याच्या लहानपणी वाडीत थेंब घेऊन कोणी आलंच नव्हतं. एक जरी बाई आज उठून रानाकडे गेली असती, तर बाकीच्या तिच्या मागे गेल्या असत्या.

कुमुदिनीने बाटली घेतली. सांडू नये म्हणून धरतात तसा पदर हनुवटीखाली धरला. मान मागे टाकली, डोळे मिटले, बाटली ओठांपुढे नेऊन जराशी खाली घेतली आणि अंगठा दाबला. थेंब पदरात पडले. तिने घोट घेतल्यासारखं केलं आणि मोठ्याने "हां" म्हटलं. हेच नाटकात केलं असतं तर पहिल्या अंकातच हुर्यो उडाली असती.

डोळे उघडले तर तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं. एक बाई कोंबडी हाकत होती. दुसरी पोराच्या डोक्यात उवा शोधत होती. नवसीची सून बाळी आभाळाकडे बघत होती, आणि आभाळात बघण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं.

सुटले बाई, असं कुमुदिनीला वाटलं. मग तिने खाली बघितलं. नर्सच्या पांढऱ्या साडीवर दोन गुलाबी ठिपके, वाटाण्याएवढे.

ती पदर चुरगाळणार, तोच नवसीने बाळीचं पोर उचललं आणि धपकन तिच्या मांडीवर, त्या ठिपक्यांवरच बसवलं. "याला पयला पाज."

त्याच्यामागून अठरा पोरं आली. एकही परत गेलं नाही. कुमुदिनीने गाल दाबून एकेकाचं तोंड उघडलं, थेंब टाकले, वहीत खूण केली. हे पोर मोकळं करून दुसरं घेताना आया तिच्या आखडलेल्या बोटांकडे बघायच्या. जितकी पोरं वाढत गेली तितके तिचे कान तापत गेले. एवढा विश्वास, आणि आपण काय केलं.

परतताना नवसी ओढ्यापर्यंत पोचवायला आली. कुमुदिनी हात धुवायला वाकली.

"पदर पन धू," नवसी म्हणाली.

कुमुदिनीने पदर पाण्यात सोडला. मग पाण्याकडे बघतच तिने सगळं सांगितलं: बोटं, गोळ्या, डॉक्टर, ऑफिस. आणि विचारलं, बघितलं होतंस तर नातवाला पाजलंस कसं?

"नऊ वरसा आमच्यादेखत घेतलास. आज नाय घेतलास, तर तुझाच काय तरी दुखत असंल. औषदाला काय झालाय?" नवसी दगडावर टेकली. "बाळंतिनीला काकडी चालत नाय, म्हनून घरातले बाकीचे खात नाय का? सांगायचा होतास."

एवढंसंच होतं ते. कुमुदिनी पदर चोळत राहिली. ठिपके केव्हाच निघाले होते, तरी चोळत राहिली.

"नवसी," शेवटी ती हळूच म्हणाली, "तू बघितलंस ते बघितलंस. वाडीत कोणाला बोलू नकोस. बाकीच्यांच्या लक्षात आलं नाही, तेवढं तरी बरं झालं."

नवसीने तिच्या हातातून पदर घेतला, पिळला आणि तिच्या खांद्यावर टाकला.

"सगळ्यांनी बघितला, बाय," ती म्हणाली. "तुला लाज वाटंल, म्हनून आमी दुसरीकडं बघितला."