तीस मैल

१९३४ साली आई अंथरुणाला खिळल्याची तार लंडनला पोचली, तसा मानसिंग विमानात बसला. कराचीमार्गे आठव्या दिवशी तो इंदापुरात आईच्या उशाशी होता. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "रतन न्हाय आली?"

रतन ही थोरली बहीण, तीस मैलांवर बारामतीला दिलेली. तिच्या सासरी तीनदा निरोप गेला होता. मानसिंग मिळेल त्या मोटारीनं बारामती गाठून तिच्या दारात गेला.

रतनच्या सासऱ्यांनी, झुंबररावांनी, त्याला ओसरीवर बसवलं, हातात दुधाचा पेला दिला आणि गल्ली गोळा केली.

"किती मैल भरतं ओ लंडन?"

"कराचीपासनं पाच हजार."

"आन् उडायला दिवस किती?"

"सहा."

सगळे आ वासून बघत राहिले.

"आबा, मी आक्काला न्यायला आलोय."

"गुऱ्हाळ चालू हाय, पाव्हणं," झुंबरराव हसले. "एवढ्या लांब ती कुठं जाती आता? महिन्यानं बघू."

मानसिंगनं पेला खाली ठेवला आणि दाराकडं तोंड करून हाक मारली. "आक्का, आई तुझी वाट बघतीय गं!"

रतन पिठाच्या हातांनी उंबऱ्यात आली. "का रं? आईला काय झालंय?"

मानसिंगनं झुंबररावांकडं बघितलं.

"कामाच्या दिवसांत बाईमाणसाला रडं कशाला लावायचं," झुंबरराव म्हणाले, "म्हणून सांगितलं न्हाय."

मानसिंग उठला. त्यानं बहिणीचा पिठाचा हात धरला.

"हाय तशी चल. वाटंत सांगतो."