मावळतीचा नियम

"ठेव तो आधी," चंदना म्हणाली. वृषभनं मान वर केली नाही.

बारावीचं पोर, परीक्षेला दोन महिने राहिलेले, आणि संध्याकाळभर कोचावर फोन धरून बसायचं. हाक मारली तर नुसतं हूं. नापास झाला म्हणजे? आणि जन्मभर असाच मुका राहिला म्हणजे? नवरा गारगोटीला दुकानात, शनिवारीच यायचा. चंदनाच्या एकटीच्या जिवाला घोर लागला होता.

तिनं हातपाय मारायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. मुलांचं मोबाइलवेड सोडवणाऱ्या तीन ग्रुपांत ती होती. फोडणी देता देता व्हिडिओ बघायची, जेवता जेवता मैत्रिणींना विचारायची.

अशाच एका व्हिडिओत मानसशास्त्राच्या बाई सांगत होत्या : नवी सवय एकटी टिकत नाही, तिला घरातल्या जुन्या सवयीला बांधा. हात शिवशिवले तर हाताला दुसरं काम द्या.

जुनी सवय म्हणाल तर कळंब्याच्या या जैन घरात एकच पक्की होती. जेवण सूर्य मावळायच्या आत. कितीही भूक लागू दे, आजवर कुणी मोडली नव्हती.

"आजपासून मावळतीला फोन पण बंद," चंदनानं जाहीर केलं. "चकलीच्या डब्यात टाकायचा."

"तुझा पण?"

"माझा कशाला? मला काय नाद हाय?"

"मग मी पण ठेवणार न्हाय."

अस्सं हट्टी कार्टं! ठेवला बाई तिनंही.

पहिले चार दिवस तिचा फोन डब्यात सारखा थरथरायचा. वृषभचा गप्प. याच्या मित्रांनाही अक्कल आली म्हणायची, असं तिला वाटलं. हात मात्र तिचेच शिवशिवायचे. मग ती शेंगा फोडत बसायची. वृषभही येऊन समोर बसू लागला.

आठव्या दिवशी त्यानं आपण होऊन कॉलेजातली एक गंमत सांगितली. पुढच्या आठवड्यात म्हणाला, "आई, मला फिजिक्सची लई भीती वाटतीया," आणि रडला. एवढं उंच पोर! तिनं त्याला पोटाशी धरलं. किती दिवसांनी धरलं, तिला आठवेना.

पेपर संपले. चांगले गेले. चंदनानं ठरवलं, आता खुशाल वापरू दे त्याला फोन. पण तो सुरूच होईना. ती तो कोपऱ्यावरच्या ऋतुराजच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली.

"व्यसन मोडलं बघा पोराचं," ती कौतुकानं म्हणाली. "एका नियमात."

ऋतुराजनं फोन हातात घेतला आणि न उघडताच परत दिला.

"वैनी, हा दिवाळीतच मेलाय की. वृषभनंच आणलता. म्हटलं, घरात सांग, दुसरा घेतील. तर म्हणाला, 'नको, हाच धरून बसतो आईम्होरं. माझा सोडवायचा म्हणून तरी ती तिचा खाली ठेवंल.'"